गेमवाल्यांनो, लाराला रडवल्याशिवाय तुमचं भागत नाही का?

काल रात्री परत २०१३चा 'टूम्ब रेडर' हा व्हिडिओ गेम लावला आणि तासाभरात चिडून बंद केला. सुरुवातीलाच त्याची नायिका लारा क्रॉफ्ट उलटी टांगलेली. सुटते तोच पडते, कुशीत सळई घुसते, गुहा अंगावर कोसळते, आणि ती सतत विव्हळतेय. पुढे नदीच्या लोंढ्यात जरा हात चुकला की गळ्यातून आरपार काहीतरी जातं आणि कॅमेरा तिथून हलायचं नाव घेत नाही. कुणाला बघायचंय हे? दिवसभर राबून घरी आल्यावर मला एका मुलीचे हाल बघायचे नाहीयेत!

मी जिच्यावर जीव लावला ती १९९६ची, पहिल्या गेममधली लारा. मामेभावाच्या कॉम्प्युटरवर भेटलेली. ती गोष्ट सुरू होते चक्क कलकत्त्यातल्या हॉटेलात. नॅटला नावाची बाई काम देऊ करते, पैशाचा विषय निघतो, आणि लारा सांगते की मी हे खेळ म्हणून करते. झालं. तिला आवडतं म्हणून ती जाते. मग पेरूतल्या गुहा, लांडगे, दोन पिस्तुलं आणि शांतता. दरीत अंधारातून टी-रेक्स डायनासोर धावून आला तेव्हा मी किंचाळले होते, लारा नाही.

आणि 'जुन्या लाराला भूतकाळच नव्हता' असं म्हणणाऱ्यांनी गेमसोबतची पुस्तिका तरी वाचावी. हिमालयात विमान कोसळतं, ही एकटी वाचते, तब्बल दोन आठवड्यांनी एका गावात पोचते. घरी परतल्यावर तिला त्या बड्या घरातलं आयुष्यच गुदमरवायला लागतं. अपघात तिचाही झाला होता हो! पण त्यातून तिला कळलं की आपल्याला काय आवडतं. नव्या लाराच्या वाट्याला काय? यामाताई बेटावर पहिला माणूस मारताना ती थरथरते, थोड्या वेळाने टोळ्याच्या टोळ्या आडव्या करते. २०१५च्या पुढच्या गेममध्ये बापाचं अपुरं राहिलेलं काम, २०१८च्या तिसऱ्यात अपराधीपणा. तीन गेम झाले तरी ती आपली 'घडतेच' आहे. बाईला धाडस करायचं असेल तर आधी तिचं काहीतरी ओरबाडून घ्यायलाच हवं का? नुसती हौस पुरत नाही?

याहून जास्त राग मला थडग्यांचा येतो. नावात थडगं आहे, आणि २०१३मध्ये खरी थडगी आडबाजूला, करायची तर करा, एकेका कोड्याची. जुन्या गेममधला सेंट फ्रान्सिस फॉली नावाचा टप्पा आठवा! खाली बघितलं की पोटात गोळा यावा अशी खोल विहीर, कडेने नेपच्यून, अ‍ॅटलस, थॉर, डॅमोक्लिस अशा नावांचे दरवाजे, आणि डॅमोक्लिसच्या खोलीत डोक्यावर लटकणाऱ्या तलवारी. उडी मारायची तर कडेला उभं राहायचं, एक उडी मागे, मग धाव, काठावर नेमकं बटण. चुकलो तर मान मोडायची, पण जमलं तर ते आपलं असायचं. आता एक बटण दाबलं की काय करायचं ते सगळं चमकतं. कुठे चढायचं तिथे पांढरे फराटे ओढलेले. वर लारा स्वतःशीच पुटपुटून उत्तर सांगून टाकते. अगं, मला विचार तरी करू दे!

हे बोललं की ठरलेलं उत्तर येतं, 'तुला ती शॉर्ट्सवालीच हवी.' या वाक्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मी बाई आहे. नव्वदच्या दशकात तिच्या ज्या जाहिराती केल्या त्या मलाही किळसवाण्या वाटतात, आणि नव्या लाराला धड पँट दिली ते उत्तमच केलं. कॅमिला लडिंग्टनने आवाजही जीव ओतून दिलाय. माझं भांडण कपड्यांशी नाहीच. तिचा आत्मविश्वास काढून घेतला आणि त्यालाच 'खरीखुरी माणूस' म्हणताय, भांडण याच्याशी आहे. आत्मविश्वास असलेल्या बायका खोट्या असतात का?

२०१३च्या गेममध्ये दोन पिस्तुलं तिच्या हातात येतात ती पार शेवटी, खलनायक मथायसला संपवताना. काही क्षणांसाठी. जे १९९६ला पहिल्याच मिनिटाला तिच्या कमरेला होतं, ते हिला अख्खा गेम मार खाल्ल्यावर मिळतं!