गुच्छीतली अळी

मे महिन्यात कुलूच्या बाजारातून गुच्छीची, म्हणजे वाळवलेल्या जंगली अळंबीची, माळ आणली होती. 50 ग्रॅम, दीड हजार रुपये. परवा पुलावासाठी बाहेर काढली, पांढऱ्या ताटात हलकेच आपटली, तर खाली पडली वाळू, देवदाराचं एक सुईसारखं पान आणि वाळून कडक झालेल्या दोन अळ्या. आईने लांबूनच निकाल दिला, "ऐन श्रावणात हे? आणि म्हणे शाकाहारी!"

अशा वेळी लोक फोटो टाकून विकणाऱ्याला झोडपतात. मला ते पटत नाही. ही काही शेडमध्ये वाढवलेली बटण मश्रूम नव्हे. हिमाचल, काश्मीर, उत्तराखंडात बर्फ वितळलं की जंगलात उगवते, गावातली माणसं दिवसदिवस हिंडून एकेक वेचतात आणि वाळवतात. टोपी मधाच्या पोळ्यासारखी, आत देठापर्यंत पोकळ. किड्यामुंग्यांना याहून ऐसपैस बिऱ्हाड कुठे मिळणार?

पण अळी-अळीत फरक असतो. जंगलातून आलेली अळी गुच्छीबरोबरच वाळून गेलेली असते, झटकली की विषय संपला. बरणीत रेशमी जाळी दिसली, तळाशी भुसा साठला, काही वळवळलं, तर ती घरात लागलेली कीड, रव्याला लागते तशी. तिथे मात्र दीड हजाराकडे बघायचं नाही, सगळं टाकून द्यायचं. म्हणून हल्ली माळ आणली की आधी घट्ट डब्यात घालून चार दिवस फ्रीजरमध्ये.

शिजवायच्या आधी कोमट पाण्यात वीसेक मिनिटं भिजवते आणि प्रत्येक गुच्छी उभी चिरून नळाखाली धरते. कोरडी चिरायला जाऊ नका, चुरा होतो. भिजवलेलं पाणी ओतत नाही. गाळ खाली बसला की वरचं मलमलच्या फडक्यातून गाळून भातात घालते, खरा वास त्यातच असतो. काही जण अख्ख्या गुच्छ्या घालतात, ताटात देखण्या दिसतात म्हणून. दिसोत बापडे.

घाबरायचंच असेल तर कच्चेपणाला घाबरा. 2023 मध्ये अमेरिकेत, मोंटानातल्या बोझमनला एका रेस्तराँत गुच्छीच्याच जातकुळीची अळंबी कच्ची आणि अर्धवट शिजवून वाढली गेली. 51 जण आजारी पडले, दोघे दगावले. त्यामुळे मी आधी तुपात नीट परतते, मग भाताबरोबर पुन्हा शिजवते.

आईने पुलाव खाल्ला नाहीच. "श्रावण संपू दे, मग बघू," म्हणाली. अर्धी माळ तिच्यासाठी ठेवली आहे.