दोनशेचं तिकीट, दोन कोटींचा नफा? जुन्या विमानांच्या एअर शोचा हिशेब

खानदेशातल्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. जळगावहून निघाला की धुळ्याहून, कळायला मार्ग नाही, पण अमळनेरात मला तो व्याह्यांनीही पाठवला आणि दूधवाल्यानेही. मजकूर थोडक्यात असा: ‘जुन्या लढाऊ विमानांचे एअर शो परवडत नाहीत ही निव्वळ बोंब आहे. ही विमानं परदेशात भंगाराच्या भावात मिळतात. अर्ध्या तासाला पेट्रोल लागून लागून किती लागेल? विमा आणि परवानग्या म्हणजे बाबू लोकांची खाबुगिरी. जळगाव, धुळे, शिरपूरला धावपट्ट्या आहेत, पायलट आहेत. सारंगखेड्याच्या यात्रेला लाखो माणूस जमतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत शो ठेवा. दोनशे रुपये तिकीट लावलं आणि एक लाख लोक आले तरी दोन कोटी! आणि हवाई दल तर सगळं फुकटच दाखवतं.’ खाली नेहमीची ओळ: खानदेशचा अभिमान असेल तर पुढे पाठवा.

अभिमान आहे, तरी मी तो पुढे पाठवला नाही. हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाचा सांगाडा तपासणारा-दुरुस्त करणारा, म्हणून माझी उमेदीची वर्षं विमानाच्या पोटाखाली गेली, त्यामुळे या मेसेजमधलं एकेक वाक्य वाचताना हात शिवशिवत होते.

भंगारापासून सुरुवात करू, कारण त्यात थोडं खरं आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकी बनावटीची लिबरेटर बॉम्बर विमानं कानपूरला टाकून दिली होती, तीही पुन्हा कुणी उडवू नयेत म्हणून मुद्दाम मोडतोड करून. त्या ढिगातून एचएएल या बंगळूरच्या विमान कारखान्याच्या माणसांनी १९४८ च्या सुमारास चाळीसेक विमानं उभी केली, बंगळूरला नेली आणि आपल्या हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली. जगात आज जे मोजके लिबरेटर शिल्लक आहेत, त्यातले बरेचसे या भारतीय ताफ्यातले. सत्तरच्या दशकात आपल्या तळांवर गंजत पडलेले स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाचे सांगाडेही ब्रिटिश शौकीन घेऊन गेले. म्हणजे भंगाराचा भाव होता. पन्नास वर्षांपूर्वी होता, आणि विकणारे आपण होतो.

आज काय? फ्रान्समध्ये कॅलेच्या किनाऱ्यावर १९४० साली उतरलेलं एक स्पिटफायर १९८० मध्ये वाळूतून वर आलं. ते दुरुस्त करून उडतं केलं आणि २०१५ मध्ये लिलावात त्याला ३१ लाख पौंड मिळाले. वाळूतला सांगाडा आणि लिलावातलं विमान यांच्या मधे जे आहे, तो खर्च मेसेज लिहिणाऱ्याला दिसलेला नाही.

आपल्याच घरातलं उदाहरण घ्या. हवाई दलाच्या व्हिंटेज फ्लाइटमध्ये, म्हणजे जुनी विमानं उडती ठेवणाऱ्या तुकडीत, ‘परशुराम’ नावाचं डकोटा हे दोन इंजिनांचं वाहतूक विमान आहे, क्रमांक व्हीपी ९०५. २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख पलटणीचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डकोटाच्या स्मरणार्थ तो क्रमांक दिला. हे विमान तेव्हाचे राज्यसभा खासदार राजीव चंद्रशेखर यांनी २०११ मध्ये आयर्लंडमध्ये भंगारातूनच घेतलं. मेसेजवाल्यांना वाटेल, बघा, आम्ही म्हणत होतो ना! पण ते इंग्लंडमधून उडून भारतात आलं एप्रिल २०१८ मध्ये. मधली वर्षं ते कारागिरांच्या हाताखाली होतं, आणि कारागीर पगार घेतात. म्हैस फुकट मिळाली तरी सरकीची ढेप विकतच आणावी लागते.

आणि ही ढेप दरवर्षी महाग होत जाते. नव्या विमानाचा भाग खराब झाला तर नंबर टाकून मागवता येतो. ऐंशी वर्षांच्या विमानाचा भाग बनवणारी कंपनीच उरलेली नसते, मग तो घडवावा लागतो. नुसता घडवून चालत नाही, कोणत्या धातूचा, कुणी तपासला, कोणत्या नकाशाबरहुकूम, याचे कागद त्याच्यासोबत लागतात. टायगर मॉथ या जुन्या शिकाऊ विमानाच्या पंखांवर कापड असतं. ते ठराविक वर्षांनी उतरवून नवं चढवायचं, शिवायचं, त्यावर डोपचे, म्हणजे कापड ताणून धरणाऱ्या रोगणाचे, हात मारायचे. हार्वर्ड या शिकाऊ विमानाचं किंवा डकोटाचं इंजिन गोल, म्हणजे सिलिंडर चाकाच्या आऱ्यांसारखे मांडलेलं. ते बंद असताना तेल खालच्या सिलिंडरांत उतरतं. सुरू करण्याआधी पंखा हाताने फिरवून ते मोकळं केलं नाही आणि बटण दाबलं, तर आतला कनेक्टिंग रॉड वाकतो आणि एका मिनिटात काही लाखांचं काम निघतं. हे काम शिकलेली माणसं माझ्या वयाची आहेत किंवा माझ्याहून मोठी. आयटीआयमध्ये ते शिकवत नाहीत. ज्याच्याकडे ही विद्या आहे तो त्याचा दाम मागतो, आणि का मागू नये?

धातू थकतो हेही लक्षात घ्या. अमेरिकेत २०२३ मध्ये बी-१७ बॉम्बरच्या पंखाच्या जोडांत झीज आणि तडे आढळले, तेव्हा तिथल्या विमान प्रशासनाने सगळ्या बी-१७ ची तपासणी सक्तीची केली. जगात अशी उडती विमानं बोटांवर मोजण्याइतकी, तरी प्रत्येकाचा पंख उघडून बघायचा. पैसा असूनही कधीकधी भागत नाही. ब्रिटनचं व्हल्कन बॉम्बर लोकांच्या देणग्यांवर २००७ पासून पुन्हा उडत होतं, गर्दीही तुफान व्हायची. २०१५ मध्ये ते थांबलं, कारण त्याच्या सुरक्षिततेची तांत्रिक जबाबदारी घेणाऱ्या कंपन्यांनी हात काढून घेतले.

आता पेट्रोल. आमच्या पंपावरचं पेट्रोल या विमानांत ओतायचा विचारही करू नका. त्यात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबरी सीलांना खातं. या इंजिनांना एव्हगॅस लागतं, शिसं मिसळलेलं, शंभर ऑक्टेनचं. भारतात ते वर्षानुवर्षं आयात व्हायचं. इंडियन ऑइलने २०२२ मध्ये देशी एव्हगॅस बाजारात आणलं, हे चांगलं झालं. पण जगभर हवा उलटी आहे. शिसं विषारी असल्याने युरोपने मे २०२५ पासून त्याच्या वापरावर परवान्याची अट घातली आहे, अमेरिका २०३० पर्यंत शिशाचं विमान-इंधन संपवायच्या मागे आहे. खप कमी होत चाललेला माल स्वस्त होत नसतो.

मेसेजमधला ‘अर्धा तास’ तर फारच गमतीचा. डकोटाचा मुक्काम दिल्लीजवळ हिंडनला. तिथून जळगाव हवाई मार्गाने साडेआठशे-नऊशे किलोमीटर. ताशी अडीचशेच्या वेगाने साडेतीन तास यायला, साडेतीन जायला. दोन इंजिनं मिळून तासाला साधारण साडेतीनशे लिटर पितात. म्हणजे आपल्या डोक्यावर ते पंधरा मिनिटं घिरट्या घालणार, त्यासाठी नुसत्या जाण्यायेण्यात अडीच हजार लिटरच्या आसपास. टायगर मॉथ एका टाकीत पाचशे किलोमीटरही जात नाही, ते पंख काढून ट्रकने आणावं लागेल, मग इथे जोडा, तपासा, चाचणी उडवा, परत सोडवा. तरीही सांगतो, एकूण खर्चात इंधन ही मोठी बाब नाहीच.

मोठी बाब आहे ती, जिला मेसेज ‘खाबुगिरी’ म्हणतो.

इंग्लंडमध्ये शोरहॅमला २२ ऑगस्ट २०१५ रोजी हॉकर हंटर हे जुनं जेट गिरकी पूर्ण न करता खाली आलं आणि शेजारच्या महामार्गावर कोसळलं. ११ माणसं गेली. ती सगळी रस्त्यावर होती, तिकीट काढून आत बसलेलं त्यात कुणीच नव्हतं. त्यानंतर तिथल्या विमान प्राधिकरणाने जुन्या जेटना समुद्र सोडून जमिनीच्या वर उडताना कसरती बंद केल्या, प्रेक्षकांपासूनचं अंतर वाढवलं, देखरेख वाढवली आणि पुढच्या वर्षी शुल्कही चढवलं. लहान गावांतल्या आयोजकांचं कंबरडं त्यातच मोडलं. शुल्कवाढीवर तिथेही ओरड झाली, काही अंशी ती रास्तही होती. पण ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ असं म्हणायची सोय उरली नव्हती, कारण झालं होतं. अमेरिकेत रीनोच्या हवाई शर्यतीत २०११ मध्ये मस्टँग हे जुनं लढाऊ विमान प्रेक्षकांजवळ आदळून ११ मेले. पुढच्या वर्षी विम्याचा हप्ता कित्येक पटींनी वाढला. तिथली शेवटची शर्यत २०२३ मध्ये झाली आणि बंद करण्याच्या कारणांत वाढता विमा होताच. डॅलसला नोव्हेंबर २०२२ मध्ये बी-१७ आणि किंगकोब्रा ही दोन जुनी विमानं शोमध्येच हवेत धडकली, सहा जण गेले. विमा कंपनीचा माणूस ही यादी समोर ठेवूनच आकडा लिहितो. त्याला खानदेशचा अभिमान दाखवून आकडा खाली येणार नाही.

आपल्याला तर दूर जायलाही नको. जुलै २०२१ मध्ये चोपडा तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्यात एक प्रशिक्षण विमान पडलं. प्रशिक्षक दगावला, जखमी प्रशिक्षणार्थी मुलीला आदिवासी बायाबापड्यांनी लुगड्याची झोळी करून डोंगरातून खाली आणलं. त्या माणसांपुढे हात जोडावेत तेवढे थोडे. पण एअर शोच्या आराखड्यात ‘लुगड्याची झोळी’ असं लिहिता येत नाही. तिथे फोम मारणारी अग्निशमन गाडी, भाजलेल्यांसाठी सज्ज रुग्णालय, मोकळा ठेवलेला रस्ता आणि रुग्णवाहिका लागतात, सरावाच्या दिवशीसुद्धा. सरावाला एक रुपयाचं तिकीट विकलं जात नाही.

तिकिटावरून आठवलं. दोनशे गुणिले एक लाख, बरोबर दोन कोटी, गुणाकार चोख आहे. पण आकाशाला कुंपण नसतं. विमानतळ कुसुंब्याला, विमान दिसणार नशिराबादहूनही आणि शहरातल्या गच्च्यांवरूनही. घरच्या गच्चीवर चहा घेत जे दिसतं, त्यासाठी उन्हात रांग लावून दोनशे रुपये कोण देईल? देणारे देतील, पण लाख नव्हेत. न देणारे मात्र रस्त्याकडेला, बांधावर, कुणाच्या हरभऱ्यात, कुणाच्या दादर ज्वारीत उभे राहतील. त्या पिकाची भरपाई, त्या रस्त्यांवरचे पोलीस, पार्किंग, पाणी, शौचालयं हा सगळा खर्च त्यांच्यासाठीही करावाच लागतो, कारण शोरहॅमला मेले ते बाहेरचेच होते. चेन्नईत मरीना किनाऱ्यावर ६ ऑक्टोबर २०२४ ला हवाई दलाचा शो झाला. विमानांना काहीही झालं नाही. ऊन आणि गर्दी एवढ्यानेच पाच जण गेले.

सारंगखेड्याशी तुलना करणाऱ्याने यात्रा नीट पाहिलेली नाही. तिथे घोडेवाला स्वतःच्या खर्चाने येतो, कारण त्याला घोडा विकायचा असतो. पाळणेवाला, खेळणीवाला जागेचं भाडं भरतो. डकोटा विकायला कुणी येत नाही, येण्याचं भाडं उलट आपणच द्यायचं.

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्यांच्या बाजूने म्हणेन. आपल्याकडे कुठलाही कार्यक्रम म्हटला की आधी स्टेज, मग शाली, मग चौकाचौकांत फ्लेक्स, मग कुणाच्या तरी हस्ते दीपप्रज्वलन. तो खर्च काढून टाका, माझी काही हरकत नाही. पण त्याला एअर शोचा खर्च म्हणू नका.

धावपट्ट्यांचं म्हणाल तर डकोटाला जळगावची सुमारे सतराशे मीटरची पट्टी पुरते, त्यात वाद नाही. वाद पायलटांचा आहे. धुळे-शिरपूरच्या विमान-प्रशिक्षण संस्थांतली पोरं शिकतात ती विमानं नाकाखाली चाक असलेली. या जुन्या विमानांचं तिसरं चाक शेपटाखाली असतं. जमिनीवर धावताना नाक वर, समोरचं काही दिसत नाही, आणि बाजूचा वारा लागला की विमान स्वतःभोवती गरकन फिरून पंख घासतं. त्यासाठी वेगळं शिक्षण लागतं, शिवाय हात सैल पडू नये म्हणून वर्षभर उडत राहावं लागतं. तो सरावाचा खर्चही शोच्या बिलातच धरायचा. आणि हो, मेसेजमध्ये सुचवलेली ‘उन्हाळ्याची सुट्टी’ विसरा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या घरात असतो. तापलेली हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकद घटते आणि हवेवर थंड होणारं गोल इंजिन जमिनीवरच तापतं. डिसेंबर-जानेवारीशिवाय इथे हे जमायचं नाही.

राहता राहिलं हवाई दलाचं ‘फुकट’. तिथल्या फिटरचा पगार मी घेतलाय, तो कुणीतरी भरत होतं. ब्रिटनमध्येही बॅटल ऑफ ब्रिटन मेमोरियल फ्लाइट ही जुनी विमानं उडवणारी तिथल्या हवाई दलाचीच तुकडी आहे. मे २०२४ मध्ये तिचं स्पिटफायर पडून पायलट गेला, तेव्हा तपासणीसाठी सगळा ताफा जमिनीवर बसवला, आणि त्या काळातही हँगरमधलं काम चालूच होतं. जळगावच्या आयोजकांना हवाई दलाकडे मागणी करायचीच असेल, तर अख्खा शो मागू नये. व्हिंटेज फ्लाइटचं एखादं विमान पश्चिमेकडे कुठल्या कार्यक्रमाला निघालंच असेल, तर जाता जाता एक फेरी आणि धावपट्टीवर दोन तासांचा थांबा एवढीच विनंती करावी. अर्जासोबत अग्निशमनाची व्यवस्था, एव्हगॅस कुठून येणार आणि प्रवासी विमानांच्या वेळा सांभाळून कोणती वेळ मोकळी आहे, हे आधीच लिहून द्यावं. पोरांना पंखावरचं कापड बोटांनी चाचपून बघता आलं, तर ते डोक्यावरून गेलेल्या पंधरा मिनिटांपेक्षा जास्त लक्षात राहतं, आणि खर्चही पुष्कळ कमी येतो.