कुंपण छाटणीबंदीच्या ‘त्या’ तारखा इथल्या नाहीत

‘१ मार्च ते ३१ ऑगस्ट शेताचं कुंपण छाटलं तर दंड’ हा पुण्याच्या हवेली-मुळशीकडे फिरणारा मेसेज चुकीचा आहे. त्या तारखा इंग्लंड-आयर्लंडच्या, तिथल्या पक्ष्यांची घरटी वाचावीत म्हणून ठरवलेल्या. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू. त्याच्या व्याख्येत संरक्षित पक्ष्याची अंडी-घरटं विसकटणं ही शिकारच, महिना कोणताही असो. शिवाय ३१ ऑगस्ट इथे कामाचीच नाही: वटवट्या, मुनिया पावसातच घरटी करतात, सप्टेंबरातही पिल्लं सापडतात. छाटणी नोव्हेंबर ते जानेवारीत उरका, तीही बघून. मेंदीच्या कुंपणात कोयता घालण्याआधी दहा मिनिटं लांब उभं राहा. चोचीत किडा घेऊन पक्षी एकाच जागी शिरत असेल तर तेवढा पट्टा महिनाभर सोडा. नुसती शेजारची फांदी तोडली तरी शिंपी पक्ष्याचं पान शिवून केलेलं घरटं उघडं पडतं, आणि अंडी-पिल्लं खाणारा भारद्वाज टपलेलाच असतो.