त्रेचाळिसाव्या दिवशी पगार कोणी द्यायचा?

आजारी माणसाचा पगार सुरुवातीचे काही दिवस मालकाने द्यायचा आणि पुढचा भार सरकारी विम्याने उचलायचा, ही युरोपातल्या बऱ्याच देशांतली रीत. ‘काही दिवस’ म्हणजे किती, यामागे डॉक्टरांचा काहीतरी हिशोब असेल असं मला वाटायचं. कसला हिशोब! स्वीडनमध्ये 14 दिवस, नॉर्वेत 16, जर्मनीत 6 आठवडे आणि नेदरलँड्समध्ये चक्क 104 आठवडे. ताप सगळीकडे सारखाच. फरक आहे तो कोणी किती रेटून मागितलं याचा.

जर्मनीचंच घ्या. 1883 मध्ये तिथला चॅन्सेलर बिस्मार्क याने आजारपणाचा विमा आणला, तेव्हा मिळायची अर्धी मजुरी, तीही 13 आठवडे. पुढे ऑफिसात बसणाऱ्यांना मालकाकडून 6 आठवडे पूर्ण पगार मिळू लागला. कारखान्यात हात काळे करणाऱ्यांना नाही. म्हणजे फ्लू एकच, पण खुर्चीवाल्याचा पगारी आणि लेथवाल्याचा बिनपगारी. हा दुजाभाव मोडायला उत्तर जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याच्या धातुकामगारांनी 1956 मध्ये संप पुकारला, तो 16 आठवडे चालला. त्यातून थोडं पदरात पडलं, पण कायद्याने पूर्ण बरोबरी व्हायला 1970 उजाडलं. 1996 मध्ये सरकारने आजारपणातला पगार 100 टक्क्यांवरून 80 वर आणला, 1999 मध्ये तो परत 100 करावा लागला. म्हणून ‘मालकाची मेहेरबानी’ हा शब्द कोणी वापरला की माझं डोकं फिरतं.

6 आठवडे संपले की, म्हणजे त्रेचाळिसाव्या दिवसापासून, तिथे आरोग्य विमा फंड एकूण पगाराच्या 70 टक्के देतो, पण हातात येणाऱ्या पगाराच्या 90 टक्क्यांहून जास्त नाही. एकाच आजारासाठी 3 वर्षांत जास्तीत जास्त 78 आठवडे.

‘छोट्या धंदेवाल्याने काय करायचं?’ हा प्रश्न मात्र खरा आहे. चार माणसांच्या वर्कशॉपमध्ये एक जण दीड महिना अंथरुणाला खिळला तर मालकाचंही कंबरडं मोडतं. जर्मनीत साधारण 30 पर्यंत कामगार असलेले मालक एका सामायिक फंडात वर्गणी भरतात आणि कोणी आजारी पडलं की दिलेल्या पगाराचा मोठा वाटा, 80 टक्क्यांपर्यंत, परत मिळतो. मला हीच व्यवस्था सगळ्यात शहाणपणाची वाटते.

उलट नेदरलँड्सने 1996 मध्ये पहिल्या वर्षाचा भार मालकांवर टाकला आणि 2004 मध्ये त्याची दोन वर्षं केली. पगार किमान 70 टक्के. यामागचा विचार अगदीच चुकीचा नाही: पैसे आपल्या खिशातून जायला लागले की मालक कामाची जागा सुधारतो. पण दोन वर्षं? मग छोटा मालक महागडा खाजगी विमा काढतो, नाहीतर माणूस कायम करायलाच कचरतो.

आणि स्वीडनमध्ये सुरुवातीलाच कात्री. एका आठवड्याच्या आजारपणाच्या पगाराचा 20 टक्के भाग कापून मगच पैसे. दांडीबहाद्दर यात सापडत असतीलही, पण नाक गळत असताना पगारासाठी कामावर आलेला माणूस शेजारच्या तिघांना आडवं करतो, त्याचा खर्च कोणत्या वहीत लिहायचा?

नॉर्वेतली एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे. 16 दिवसांनंतर जबाबदारी सरकारची, तरी बरेच मालक पगार चालूच ठेवतात आणि नंतर सरकारकडून वसूल करतात. फॉर्म, पाठपुरावा, वाट बघणं सगळं ऑफिसकडे. सतराव्या दिवशी पैसे देणारा बदलला, हे अंथरुणातल्या माणसाला कळतसुद्धा नाही.