केव्हिन कार्टर गिधाड नव्हता

नागपुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर तो जुना फॉरवर्ड पुन्हा फिरतोय. सुदानच्या दुष्काळात मरायला टेकलेली मुलगी, मागं टपलेलं गिधाड. दक्षिण आफ्रिकेचा फोटोग्राफर केव्हिन कार्टरनं फोटो काढला, पत्रकारितेतला पुलित्झर पुरस्कार पटकावला. मग फोनवर कुणीतरी सुनावलं, ‘तिथं गिधाडं दोन होती, एकाच्या हातात कॅमेरा होता’, आणि पश्चात्तापानं त्यानं जीव दिला.

मुळात ती मुलगी नव्हती, मुलगा होता. फोटो मार्च १९९३ मधला, आयोद गावातला. २०११ मध्ये ‘एल मुंडो’ या स्पॅनिश वृत्तपत्राचे पत्रकार तिथं जाऊन त्याच्या वडिलांना भेटले. पोरगा त्या दुष्काळातून वाचला होता. बऱ्याच वर्षांनी तो तापानं गेला.

तो एकटा, बेवारसही नव्हता. फोटो मोठा करून त्याचा हात बघा. मनगटावर प्लास्टिकचा पट्टा दिसतो, अन्नकेंद्रात नोंद झाल्याचा. केंद्र जवळच होतं, संयुक्त राष्ट्रांचं विमान उतरलेलं होतं आणि मोठी माणसं धान्य घ्यायला धावली होती.

कार्टर नुसता बघत राहिला का? चांगली फ्रेम मिळावी म्हणून तो थांबला, हे त्यानंच सांगितलं. ते मला खुपतं. पोराला उचलून त्यानं केंद्रावर नेलं नाही, हा आक्षेपही खोडता येत नाही. पण गिधाड त्यानं हाकललं. मूल पुन्हा चालू लागल्याचं त्याच्याच हवाल्यानं ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं फोटो छापल्यावर चार दिवसांत छापलं.

गिधाडाची उपमा फ्लोरिडातल्या एका वृत्तपत्रानं दिली होती. फोनवरच्या माणसाचा मात्र कुठंच पत्ता नाही.

आणि मृत्यू. २७ जुलै १९९४, वय ३३. मागं ठेवलेल्या चिठ्ठीत कर्ज आहे, पैशांची तंगी आहे, डोळ्यांसमोरून न हटणारी प्रेतं, उपाशी-जखमी मुलं आहेत, आणि केन आहे. केन ऊस्टरब्रुक हा त्याचा जिवलग मित्र, त्याच्यासारखाच फोटोग्राफर. पुलित्झर जाहीर झाल्यावर आठवडाभरातच दक्षिण आफ्रिकेतल्या थोकोझातल्या गोळीबारात तो मारला गेला. वर्णद्वेषी राजवटीतल्या कत्तली कार्टर कित्येक वर्षं टिपत होता. एवढं सगळं पुसून त्याचं मरण एका टोमण्यावर ढकलणं मला क्रूर वाटतं.

मे २०२० मध्ये हीच गोष्ट सॉलिसिटर जनरलांनी सर्वोच्च न्यायालयात सांगितली, पायी निघालेल्या मजुरांच्या सुनावणीत, सरकारवर टीका करणाऱ्यांना उद्देशून. ते मजूर आपल्या वर्धा रोडवरूनही भर उन्हात, लेकरं खांद्यावर घेऊन गेले. देशानं त्यांना पाहिलं ते कुणीतरी रस्त्यावर उभं राहून फोटो काढले म्हणूनच. तेव्हा हा फॉरवर्ड पुन्हा आला, तर पुढं ढकलू नका. पाठवणाऱ्याला तो मनगटावरचा पट्टा दाखवा.