‘दर तीन दिवसांनी लाइन बदलून घ्या’ म्हणणाऱ्यांसाठी

कोथरूडमधल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘आयसीयूत पेशंट आहे? सावध!’ त्यात पाच मुद्दे आहेत. मानेतली सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली, औषधं द्यायची नळी) दर तीन दिवसांनी बदलायला लावा, नाहीतर रक्तात जंतू जातात. ड्रेसिंग रोज उघडायला आणि अँटिबायोटिक मलम लावायला सांगा. पहिल्या दिवसापासून भारी अँटिबायोटिक मागा. नर्सनं ग्लोव्हज घातलेत ना, एवढं बघा. आणि शेवटी, नर्सेसना यातलं काही कळत नाही. युरोपात ३,४०५ नर्सेसची परीक्षा घेतली तर सरासरी ४४ टक्के मार्क पडले.

शेजारच्या काकूंचे दीर व्हेंटिलेटरवर आहेत. काकूंनी हा मेसेज सिस्टरच्या नाकासमोर धरून जाब विचारला, म्हणून हे लिहावं लागतंय.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करू, कारण तो खरा आहे. २००९ साली ‘क्रिटिकल केअर मेडिसिन’ या नियतकालिकात ती पाहणी छापून आली. २२ देश, अमेरिकेच्या सीडीसीच्या, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या, नियमांवर बेतलेली प्रश्नपत्रिका, सरासरी ४४.४ टक्के. अभिमानानं सांगावं असं त्यात काही नाही, आणि युरोपात हे तर आपल्याकडे काय, असं कुणी विचारलं तर तो प्रश्नही रास्तच. पण प्रश्न काय होते ते मेसेजवाल्यानं वाचलेलं दिसत नाही. त्यातला एक होता: सेंट्रल लाइन कधी बदलायची? बरोबर उत्तर: कारण असेल तेव्हाच, ठरावीक दिवसांनी नाही. ५६ टक्के नर्सेसनी ते बरोबर दिलं. मेसेजचा पहिलाच मुद्दा हे चुकीचं उत्तर आहे. ज्या परीक्षेच्या नावानं सिस्टरना नापास ठरवलं, तिच्यात हा मेसेज पहिल्याच प्रश्नाला आपटतो.

आणखी एक गंमत. त्वचा कशानं निर्जंतुक करायची या प्रश्नाचं उत्तर फक्त १४ टक्क्यांना आलं. तेव्हाचं बरोबर उत्तर होतं पाण्यातलं २ टक्के क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक. २०११ च्या सीडीसी नियमावलीत ते झालं अल्कोहोलमधलं, ०.५ टक्क्यांहून जास्त तीव्रतेचं क्लोरहेक्सिडीन. म्हणजे उत्तरपत्रिकाच बदलली! उलट लिपिड, म्हणजे शिरेतून द्यायचं स्निग्ध पोषण, चालू असलेला नळीचा सेट २४ तासांत बदलायचा, हे ९० टक्क्यांना ठाऊक होतं.

आता तीन दिवसांचं बघू, कारण पाचांतलं सगळ्यात घातक तेच आहे. लाइन बदलायची म्हणजे सलाईनची बाटली बदलण्याइतकं सोपं नाही. मानेतल्या नाहीतर गळपट्टीच्या हाडाखालच्या शिरेत पुन्हा सुई, तिच्यातून गाइडवायर ही बारीक तार, त्यावरून वाट रुंद करणारा डायलेटर, मग कॅथेटर, म्हणजे लाइनची नळी. प्रत्येक वेळी धमनीला सुई लागण्याचा, रक्तस्रावाचा, फुप्फुसाला भोक पडण्याचा धोका नव्यानं. व्हेंटिलेटरवरच्या माणसाचं फुप्फुस असं फुटलं तर मिनिटांत जिवावर बेततं. आणि त्वचेला नवं भोक, म्हणजे त्वचेवरच्या जंतूंना नवी वाट. ‘मग जुन्याच वाटेनं वायर घालून बदला’ असं कुणी सुचवेल. त्या वाटेत जंतू असतील तर नवं कॅथेटर त्यांच्यातूनच आत जाणार. संसर्ग टाळण्यासाठी असं बदलू नका, हे सीडीसीनं स्पष्ट लिहिलंय.

जंतू येतात कुठून? पहिल्या आठवड्यात बहुतेक वेळा कॅथेटरच्या बाहेरून, त्वचेवरून सरकत. म्हणून लाइन घालतानाच टोपी, मास्क, निर्जंतुक गाऊन, ग्लोव्हज आणि पेशंटला डोक्यापासून पायापर्यंत झाकणारा ड्रेप, म्हणजे निर्जंतुक कापड, लागतो. पुढे मुख्य वाट बदलते: हब, म्हणजे जिथे सिरिंज जोडतात ते तोंड. इथे सगळा खेळ सिस्टरच्या हातात. प्रत्येक जोडणीआधी हात स्वच्छ, मग ७० टक्के अल्कोहोलच्या स्वॅबनं हब १५ सेकंद जोर लावून घासायचं. नुसतं पुसायचं नाही. जंतूंचा थर घासल्याशिवाय निघत नाही. मग वाळू द्यायचं. औषध दिल्यावर १० मिलीच्या सिरिंजनं सलाईन थांबत थांबत ढकलायचं, म्हणजे थ्री-वेमध्ये (लाइनला जोडलेल्या तीन तोंडांच्या तोटीत) रक्त साचत नाही. साचलेलं रक्त हे जंतूंचं जेवण. थ्री-वेच्या मोकळ्या तोंडाला निर्जंतुक टोपण हवंच. एकदा काढलेलं, ट्रेमध्ये पडलेलं टोपण पुन्हा लावणं ही रोजची चूक, आणि तीन पेशंटमागे एक सिस्टर असली की ती जास्तच होते. तिथे अडचण ज्ञानाची कमी, हातांची जास्त.

ड्रेसिंग रोज उघडण्याचा सल्लाही तितकाच बिनडोक. पारदर्शक ड्रेसिंग लावतात ते आतलं न उघडता दिसावं म्हणूनच. ते सात दिवसांनी, गॉझचं दोन दिवसांनी बदलतात. ओलं झालं, सुटलं, रक्तानं माखलं तर लगेच. पेशंटला घाम फार येत असेल तर गॉझच बरं. बदलताना क्लोरहेक्सिडीन ३० सेकंद घासून पूर्ण वाळू द्यावं लागतं. फुंकर नको, पुसणं नको. ओल्यावरच चिकटवलं तर ड्रेसिंग सुटतं आणि कातडी लाल होते. मलमाचं म्हणाल तर अँटिबायोटिक मलमानं बुरशी वाढायला आणि जंतू औषधाला निर्ढावायला मदत होते. डायलिसिसच्या कॅथेटरला काही ठिकाणी मलम लावतात, एवढा अपवाद. हळदीचं कुणी विचारू नये. अंगारा कपाळाला लावा, मानेपासून लांब.

‘आधीपासून भारी अँटिबायोटिक’ला उत्तर एका ओळीत: संसर्ग टाळण्यासाठी नुसत्या लाइनपायी ते देत नाहीत. नुसते ग्लोव्हज बघूनही भागत नाही. हात न धुता घातलेले आणि एका पेशंटवरून दुसऱ्याकडे तसेच नेलेले ग्लोव्हज म्हणजे जंतूंची सिटी बस.

एक अर्धसत्य मात्र कबूल. लाइन जितके दिवस राहते तितका धोका वाढतो, हे खरं. पण त्यावर उपाय ती बदलणं नसून काढणं हा आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या आयसीयूंनी पाच साध्या गोष्टी पाळल्या: हात धुणं, पूर्ण झाकून लाइन घालणं, क्लोरहेक्सिडीन, मांडीतली शीर शक्यतो टाळणं आणि नको असलेली लाइन काढणं. २००६ साली छापलेल्या निकालात दर १००० कॅथेटर-दिवसांमागे (एका पेशंटला एक दिवस लाइन म्हणजे एक कॅथेटर-दिवस) सरासरी ७.७ संसर्ग होते, ते दीड वर्षात १.४ वर आले. दर तीन दिवसांनी बदलणं त्या पाचांत नाही.

तेव्हा काकूंनी विचारायचंच असेल तर सकाळच्या राउंडला डॉक्टरांना विचारावं: ‘ही लाइन आज कशासाठी लागतेय?’ ब्लडप्रेशर टिकवायला नॉरअॅड्रेनालिन चालू असेल, शिरेतून पोषण चालू असेल तर लागते. सगळी औषधं हातातल्या साध्या सुईतून जात असतील तर काढता येते का, हेही विचारावं. आणि काढताना सिस्टर पेशंटला उठून बसू देत नाहीत, आडवं ठेवून जागा दाबून धरतात, त्यावरून पुन्हा दारात वाद घालू नये. बसलेल्या माणसाच्या मानेतून लाइन काढली तर शिरेत हवा ओढली जाते.