‘ग्रॉ अगस बॉस’मधले सेंट का मोजायचे? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

आयरिश संगीतकार डनखा डेनेहीच्या ‘ग्रॉ अगस बॉस’ या गायक आणि वाद्यमेळासाठीच्या रचनेवर मी लिहिलेल्या लेखावर तुमची प्रतिक्रिया अशी: “आयरिश गायक परंपरेनेच मधले स्वर गातात. संगीतकाराने तेच वाद्यांना वाटून दिले. यात सेंट मोजण्यासारखं काय आहे? कॉम्प्युटरसमोर बसून लोकसंगीत कळत नाही, त्याला कान लागतो.” (सेंट म्हणजे स्वरांमधलं अंतर मोजायचं एकक, पियानोच्या शेजारच्या दोन स्वरांमधे १०० सेंट.) खाली आणखी तीन तक्रारी आहेत. रचना अमेरिकी मिनिमलिझमची, म्हणजे छोटे तुकडे पुन्हा पुन्हा वाजवण्याच्या शैलीची, नक्कल आहे, मी आलापाशी तुलना टाळली आणि कोणतं ध्वनिमुद्रण ऐकलं ते सांगितलं नाही.

यातली शेवटची तक्रार रास्त आहे. ध्वनिमुद्रण नोनसच या कंपनीचं, २०११ सालचं. गायक इअर्ला ओ लिनर्ड, वादक क्रॅश आँसाम्बल, संचालक अ‍ॅलन पिअर्सन. ही ओळ लेखात आता घातली आहे.

राहिला तुमचा ‘कान’. मी व्हायोलिन वाजवतो. पडदे नसलेल्या वाद्यावर बोट कुठे टेकवायचं हे रोज कानानेच ठरवावं लागतं, त्यामुळे कान लागतो हे मला शिकवायची गरज नव्हती. मतभेद असणं वेगळं आणि समोरच्याला ऐकूच येत नाही असं गृहीत धरून लिहिणं वेगळं. तुम्ही दुसरं केलंत. आणि ज्या वाक्याच्या जोरावर केलंत, ते वाक्यच चुकीचं आहे.

सोयीसाठी डी हा षड्ज धरू. आयरिश परंपरेत फिडलवर (व्हायोलिनवर), इलियन पाईप्स या बॅगपाईपवर आणि शान-नोस या पारंपरिक गायनातही निषाद हलता असतो. तो कोमल आणि शुद्ध निषादाच्या मधे कुठेतरी लागतो. पियानोच्या मापाने कोमल निषाद १००० सेंटवर आणि शुद्ध ११०० वर, म्हणजे परंपरेतला हा मधला निषाद कोमलाच्या वर चढलेला असतो. आता डेनेहीचा हार्मनीचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा, पाया पाहा. तो हार्मोनिक मालिकेवर, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा कंप्रतांच्या स्वरांवर, उभा आहे. षड्जाचा सातवा हार्मोनिक निषादाच्या जागी येतो खरा, पण येतो ९६९ सेंटवर, कोमल निषादाच्याही ३१ सेंट खाली. एक निषाद वर चढतो, दुसरा खाली उतरतो. दोन्ही पियानोत नाहीत, एवढंच त्यांच्यात साम्य. “तेच स्वर वाटून दिले” असं म्हणताना तुम्ही एकमेकांच्या उलट दिशेला जाणारे दोन स्वर एकच ठरवलेत. हा फरक ऐकू येतो. किती आणि कुठल्या बाजूला, हे मात्र मोजल्यावरच खात्रीने सांगता येतं.

गोष्ट इथे संपत नाही, आणि मला या रचनेत सगळ्यात जास्त रस आहे तो पुढच्या भागात. खर्जातला पाया षड्जावरून मध्यमावर, म्हणजे जीवर, गेला असं समजा. जीचा अकरावा हार्मोनिक त्याच्यापासून ५५१ सेंटवर पडतो. जी स्वतः षड्जापासून ४९८ वर. बेरीज १०४९. म्हणजे कोमल आणि शुद्ध निषादाच्या जवळजवळ बरोब्बर मधे, परंपरेतला हलता निषाद जिथे वावरतो त्याच पट्ट्यात! पाया डी असेल तर मालिका निषादाला खाली ओढते, पाया जी असेल तर वर उचलते. म्हणून अशा कृतीत कसोटी एकच: गायकाचा षड्ज तोच असताना खालचा पाया बदलला की निषाद हलतो का? हलला तर तो मालिकेचं ऐकतोय. पाया बदलल्यावर त्याच्यामागे गेला नाही, तर तो परंपरेचं ऐकतोय. ही कसोटी न लावता “वाटून दिले” म्हणणं हा नुसता अंदाज आहे.

नुसती स्वरलिपी वाचून हे सुटत नाही. पाव स्वरांच्या चिन्हांत ५० सेंटची पायरी असते. अकरावा हार्मोनिक तिच्यात छान बसतो, चूक जेमतेम एका सेंटची. सातवा बसत नाही. त्याला जवळची पायरी ९५० ची, म्हणजे १९ सेंटची चूक. वादकाने चिन्हाप्रमाणे वाजवलं की कानाने जुळवून घेतलं, हे कागद सांगत नाही. वाद्यावरही बरंच अवलंबून असतं. चेलोच्या डी तारेला सातव्या भागावर हलकं बोट टेकवलं की ३१ सेंट उतरलेला निषाद आपोआप मिळतो, वादकाला काही ठरवावं लागत नाही. पियानोला तो कधीच मिळत नाही. पियानोचा १०४७ हर्ट्झचा सी (डी षड्ज धरल्यावरचा कोमल निषाद) आणि हा उतरलेला सुमारे १०२८ चा सी एकत्र वाजले तर सेकंदाला सुमारे एकोणीस विस्पंद, म्हणजे आवाजाचे चढउतार, येतात. ती थरथर कित्येकांना ‘बेसूर’ वाटते. कोणतं वाद्य कोणत्या क्षणी गप्प आहे हे पाहिल्याशिवाय ती हेतुपुरस्सर आहे की नाही ते कळणार नाही.

आता तुमचा कॉम्प्युटर. सॉनिक व्हिज्युअलायझर हे आवाजाचं विश्लेषण करणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण त्यात नेहमीच्या मापावर विसंबलात तर फसाल. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल या दराला ४०९६ सॅम्पलची खिडकी (एका वेळी मोजला जाणारा आवाजाचा तुकडा) घेतली तर एक खिडकी ९३ मिलिसेकंदांची होते आणि कंप्रतेची पायरी साधारण १०.८ हर्ट्झची. २२० हर्ट्झच्या स्वरात ३१ सेंट म्हणजे फक्त चार हर्ट्झ, त्या पायरीत फरक बुडून जातो. खिडकी चौपट केली तर पायरी २.७ हर्ट्झवर येते, पण खिडकी ३७० मिलिसेकंदांची होते आणि शान-नोसमधली झरकन येणारी हरकत तिच्यात विरघळून जाते. यावर उपाय म्हणजे मूळ स्वर सोडून त्याच्या आठव्या हार्मोनिकवर मोजायचं. १७६० हर्ट्झपाशी तोच फरक ३१ हर्ट्झचा होतो आणि लहान खिडकीतही स्पष्ट दिसतो. स्वर आपोआप शोधणारं प्लगइन मात्र एकट्या आवाजासाठी असतं. वाद्यमेळ सुरू झाला की ते सप्तक चुकतं किंवा भलत्याच वाद्यामागे धावतं. तेव्हा आवाज जिथे उघडा पडतो तिथेच मोजा, आणि वाद्यांचे लांब धरलेले स्वर वेगळे मोजा.

यातल्या प्रत्येक पायरीला कान लागतो. कुठे मोजायचं हे यंत्र सांगत नाही.

आलापाची तुलना मी मुद्दाम टाळली आणि पुढेही टाळेन. शान-नोस हे शब्दांना बांधलेलं, साथीविना गायलं जाणारं गाणं आहे. ही रचना ‘अ‍ॅशलिंग याल’ आणि ‘टॉइम शींचे अर द हुअमा’ या दोन गाण्यांवर उभी आहे. दोन्हींना कडवी आहेत, चाल कडव्यागणिक परत येते आणि दर वेळी तिच्यावरची नक्षी बदलते. राग उलगडत नेण्याचं काम तिथे कोणी करत नाही. ओ लिनर्ड आयर्लंडच्या वेस्ट कॉर्कमधल्या कूल ए गावचा. त्या गायकीला तिचे स्वतःचे नियम आहेत, आपले उसने देण्याची गरज नाही. आपल्याकडचा खरा दुवा एकच आहे, तो तानपुऱ्याचा. जुळलेल्या खर्जातून ऐकू येणारा स्वयंभू गांधार हा पाचवा हार्मोनिक, ३८६ सेंटवरचा, पियानोच्या गांधारापेक्षा १४ सेंट उतरलेला. तो ज्याला ऐकू येतो त्याला डेनेहीची हार्मनी परकी वाटणार नाही. त्याच मालिकेत पाचव्यापाशी न थांबता तो सातव्या-अकराव्यापर्यंत वर जातो.

मिनिमलिझमच्या नकलेबद्दल तुम्ही एकच शब्द लिहिलात, पुरावा एकही नाही. ठोक्याची पुनरावृत्ती दिसली की नक्कल म्हणायचं, तर जगातलं निम्मं नृत्यसंगीत नक्कल ठरेल. कोणत्या कृतीची नक्कल, आणि या ध्वनिमुद्रणात कितव्या मिनिटाला, ते लिहून पाठवा. त्यावर सविस्तर उत्तर देईन. तोवर या मुद्द्यावर वेळ घालवणार नाही.